मुक्या भुतांचा जीर्णोद्धार

महालातल्या आमच्या वाड्याच्या मधल्या खोलीत एक शिसवी कपाट आहे. आजोबांच्या काळी त्यात पोथ्या असत. पुढे बाबांचे वकिलीचे कागद आले आणि गेली तीस वर्षे त्यात भुते राहतात. भुते म्हणजे मूकपटांतली. बरीचशी जर्मन, काही अमेरिकन, एखाददुसरे स्वीडनकडचे. आधी व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी आणि आता ब्ल्यू-रे, असे त्यांचे तीन जन्म या एकाच कपाटात झाले. येणारा-जाणारा चहाचा कप हातात घेऊन कपाटापुढे थबकतो, दोन-चार डब्या काढून उलटसुलट पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो. शेजारच्या काकूंनी तर एकदा स्पष्टच विचारले, ‘‘काहून रे, भुताचा सिनेमा अन् तोही मुका? ओरडल्याशिवाय भीती वाटते का कधी?’’

प्रश्न रास्त आहे. धारप-मतकरींच्या कथा पांघरुणात वाचून ज्यांचे बालपण गेले आणि रामसे बंधूंचे चित्रपट भाड्याच्या व्हीसीआरवर पाहत ज्यांनी कॉलेजची वर्षे काढली, त्या आमच्या पिढीला मुक्या भुताचे कौतुक वाटावे असे काही नव्हतेच. माझेही तसेच झाले. १९९४ साली मुंबईच्या एका मित्राने ‘नोस्फेरातू’ची कॅसेट पाठवली. एफ. डब्ल्यू. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा हा १९२२ चा चित्रपट. ड्रॅक्युलाचा पडद्यावरचा थोरला भाऊ म्हणा ना! कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी होती. चित्र पिठात बुडवल्यासारखे. त्यातले पिशाच स्वतःची शवपेटी काखोटीला मारून भर दुपारच्या उन्हात गावातून चालले होते, आणि तेही असे तुरुतुरु की, ऑफिसला उशीर झालेला कारकून वाटावा. आम्ही मुले-माणसे पोट धरून हसलो. भूत हास्यास्पद ठरले आणि विषय संपला.

तो संपला नाही, याचे कारण बारा-तेरा वर्षांनी हाती आलेली त्याच चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत. तोच प्रसंग, तेच पिशाच. पण या वेळी गाव निळ्याशार रात्रीत झोपले होते. खोल्यांमधला दिवा पिवळा होता. पिशाच धावत नव्हते, सावकाश, अगदी सवडीने येत होते. मधल्या खोलीत कोणी हसले नाही. माझी धाकटी मुलगी तर हळूच उठून स्वयंपाकघरातला दिवा लावून आली.

काय बदलले होते? त्या काळी रात्रीचे चित्रण रात्री करणे जवळपास अशक्य होते. म्हणून दिवसा चित्रण करायचे आणि फितीचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवायचा, अशी रीत होती. पुढे ज्यांनी स्वस्तात काळ्या-पांढऱ्या प्रती काढल्या, त्यांनी तो रंग धुऊन टाकला आणि रात्रीची दुपार झाली. गतीचेही तसेच. सेकंदाला सोळा ते वीस चित्रे अशा बेताने घेतलेला मूकपट बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने पळवला की माणसे उड्या मारू लागतात. दोष चित्रपटाचा नव्हता, आपल्यापर्यंत तो आणणाऱ्यांचा होता. पॅरिसच्या संग्रहालयात राहिलेली एक रंगवलेली जुनी प्रत आधाराला घेऊन, तुटलेले तुकडे दुसरीकडच्या प्रतींतून भरून, मूळ संगीत पुन्हा बांधून जाणकारांनी २००५-०६ मध्ये त्याला उभे केले.

याला मी जीर्णोद्धार म्हणतो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की देवळाला ऑइलपेंट फासणे आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवणे डोळ्यांपुढे येते. खरा जीर्णोद्धार म्हणजे कोणता दगड मुळात कुठे होता, हे शोधून तो तिथे ठेवणे.

मग मला या चित्रपटांपेक्षाही ते वाचले कसे, याच्या कथा जास्त ओढू लागल्या. ‘नोस्फेरातू’ खरे तर जळायलाच हवा होता. निर्मात्यांनी ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ परवानगी न घेता वापरली, म्हणून त्याच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तोवर काही प्रती परदेशी पोचल्या होत्या, म्हणून तो राहिला.

दुसरी कथा ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ची. लॉन चेनीचा तो मुखवटा गळून पडणारा चेहरा ज्यांनी पाहिला, ते विसरले नसतील. हा चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीने १९४८ मध्ये आपल्याकडचे मूकपटांचे साठे ‘आता कोण पाहतो’ म्हणून स्वतःच नष्ट करून टाकले. चित्रपटाचे १९२५ चे मूळ रूप आज दिसते ते १६ मिलिमीटरच्या छोट्या फितींमुळे. लोकांनी घरच्या घरी, छोट्या प्रोजेक्टरवर पाहावे म्हणून त्या काढलेल्या होत्या. कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि कोणाच्या तरी घरातले कपाट कामी आले. ज्यांच्या नशिबी असे कपाट आले नाही, ते गेले. याच लॉन चेनीचा १९२७ चा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ आज फक्त छायाचित्रांतून उरला आहे. त्याची शेवटची ज्ञात प्रत स्टुडिओच्या आगीत जळाली.

आता आपल्या घराकडे येऊ. मराठी मुलखात मुके भय नव्हते काय? होते. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला. घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर, पडद्यावर स्त्रिया नकोत असे म्हणणाऱ्या काळात स्त्रियांनाच भूमिका देऊन. त्यातला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका खरा आणि भीषण उतरला की, प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते याच चित्रपटासाठी. जर्मनीत त्याच वर्षी ‘डॉक्टर कॅलिगरी’ झळकला. कॅलिगरीच्या मूळ निगेटिव्हवरून, हरवलेले पहिले रीळ इतर प्रतींमधून भरून केलेली लखलखीत प्रत २०१४ मध्ये तयार झाली. ती माझ्या कपाटात आहे. ‘सैरंध्री’ कुठे आहे? कुठेच नाही. कीचक दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी त्याच्याबरोबर भीमही गेला.

‘सैरंध्री’ एकटा नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीस उरले आहेत, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यातुकड्यांत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची दोन रिळे तेवढी आहेत, आणि तीही १९१३ ची की नंतरच्या आवृत्तीची, याविषयी जाणकारांत वाद आहे. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे, हे आपले भाग्य. फाळक्यांची लहानगी मंदाकिनी त्यात कृष्ण होते, पाण्याखाली कालियाशी झुंजते. लहान मुलांना तो दाखवून पाहा. अजूनही ती श्वास रोखतात.

हे का झाले? पहिले कारण फितीतच होते. जुनी नायट्रेटची फीत एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते. आणि नाही पेटली तर आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपोआप कुजते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा फितींच्या गोदामाला आग लागून शेकडो चित्रपटांचा साठा गेला. दुसरे कारण चांदीचे. फितीवरच्या थरात चांदी असते; बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही, तेव्हा फिती धुऊन ती काढून विकली गेली.

तिसरे कारण मात्र आपल्या मनात आहे, आणि ते मला दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीत दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत आपल्या जुन्या नागपुरातून वाजतगाजत निघते आणि गावाची ईडापीडा घेऊन शेवटी जळते. १८८० च्या दशकापासून हे चालू आहे. मारबत जाळल्याचे कोणाला दुःख होत नाही, कारण पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी करणारे हात गावात आहेत. गणपतीचेही तेच. आपण विसर्जनाची माणसे आहोत. करावे, पूजावे, सोडून द्यावे. हा आपला मोठेपणाच आहे, मी तो कमी लेखत नाही. पण चित्रपटाला हा नियम लागू होत नाही. ‘सैरंध्री’ पुढल्या वर्षी नव्याने बसवता येत नाही. एकदा गेला की गेला.

हे सगळे मी शहाण्यासारखे सांगतो आहे खरा. पण माझीही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. आई-बाबांचे लग्न १९६१ सालचे. बाबांच्या एका मित्राकडे ८ मिलिमीटरचा कॅमेरा होता. त्याने लग्नाचे चित्रण केले होते; चार मिनिटांचे एक रीळ, अर्थातच मुके. ते एका चपट्या पत्र्याच्या डबीत माळ्यावर असे. आमच्या लहानपणी ते दोनदा पाहिल्याचे आठवते. त्यात माझी आजी मांडवातून चालत येते, कॅमेरा दिसताच पदर तोंडाशी धरते आणि हसून वळते. आजी मी चार वर्षांचा असताना गेली. चालणारी, हसणारी आजी तेवढीच.

२००१ मध्ये माझ्या कॅसेटी फार झाल्या. त्यांना जागा हवी म्हणून मी माळा साफ केला. तुटका स्टोव्ह, पितळी हंडा, जुने पत्र्याचे डबे, सगळे कबाडीवाल्याच्या काट्यावर गेले. ती डबी त्यातच गेली, हे आठवड्याने आईने विचारले तेव्हा कळले. मी सायकल काढून कबाडीवाल्याच्या गोदामापर्यंत गेलो. त्याने प्रामाणिकपणे शोधले, पण माल पुढे गेला होता. जर्मन भुतांना जागा करून देण्यासाठी मी आजीला घराबाहेर काढले होते. आई एवढेच म्हणाली, ‘‘जाऊ दे रे, तुला काय माहीत.’’ त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मी मात्र त्या अमेरिकन कंपनीच्या कारकुनांना नावे ठेवणे त्या दिवसापासून बंद केले.

म्हणून माझे म्हणणे दोन पदरी आहे. पहिला पदर सरकारी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे; पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य घालून गावोगावचे डबे गोळा केले, म्हणून हे तीस तरी राहिले. २०१६ मध्ये याच संग्रहालयाने ‘जमाई बाबू’ या मूकपटाची प्रत पॅरिसला देऊन १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा उरलेला भाग मिळवला. शाळेत आपण तिकिटांची अदलाबदल करायचो ना, तशीच ही. पण वाचवलेले घराघरांत पोचायला हवे. ताजमहालाच्या कथेवरचा, भारतातच चित्रित झालेला १९२८ चा ‘शिराज’ मला हवा होता, तर त्याची २०१७ मध्ये दुरुस्त झालेली देखणी डिस्क लंडनहून मागवावी लागली. फाळके, पेंटर यांचे जे काही उरले आहे, ते नीट गतीने, साजेशा संगीतासह आणि मराठीतून माहिती देऊन परवडेल अशा किमतीत प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात का असू नये?

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर दिसते, डब्या कशाला जमवता? दिसते, हे खरे. आणि एक दिवस न सांगता दिसेनासे होते, हेही खरे. डबीदेखील अमर नाही. माझ्या निम्म्या कॅसेटी नागपूरच्या पावसाळ्यांनी बुरशी लावून संपवल्या. पण एकाच तिजोरीत एक प्रत असण्यापेक्षा शंभर घरांत शंभर प्रती असणे केव्हाही बरे, हे ‘फँटम’ने शिकवले आहे.

दुसरा पदर तुमच्या-माझ्या माळ्याचा. महालातले वाडे एकेक करून पडत आहेत. केळीबाग रस्त्यापासून बडकस चौकापर्यंत फिरून या. ज्या दारांतून आपण लहानपणी सरळ आत शिरत होतो, तिथे पायाचे खड्डे दिसतात. वाडा पाडणे कधीकधी अटळ असते. पण माळा रिकामा करताना पत्र्याच्या चपट्या डब्या कबाडात टाकू नका. ८ किंवा १६ मिलिमीटरची घरगुती फीत असेल तर ती जुन्या प्रोजेक्टरवर घाईने चालवू नका, तुटेल. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि लवकर तिची डिजिटल प्रत करून घ्या. १९५० च्या आधीची मोठी, ३५ मिलिमीटरची फीत सापडली तर ती देवघराच्या, चुलीच्या आसपासही नको. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. कोणी सांगावे, त्यात ‘सैरंध्री’चा एखादा तुकडा असेल!

आमच्या माळ्यावर बाबांची एक लोखंडी पेटी अजून आहे. कुलपाची किल्ली हरवल्याने २००१ मध्ये ती तशीच राहिली होती. आत बहुधा खटल्यांचे कागदच असतील. आईला आता जिना चढवत नाही, पण ‘‘उघडशील तेव्हा मला हाक मार’’ असे तिने बजावून ठेवले आहे. येत्या रविवारी कुलूपवाल्याला बोलावले आहे.