गीत देवाचे, हक्क कोणाचा?

‘गीत देवाचे आहे, मग त्यावर मालकी कसली?’ हा सवाल आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, आता त्यात सवालापेक्षा सबबच अधिक दिसते. तो विचारणारे बहुधा गीत रचणारे नसतातच. ते विकणारे असतात.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गुरुजींचे अर्पणगीत दोन कडवी बदलून, परक्याच्या नावाने इंटरनेटवर चित्रफितीच्या रूपाने झळकले. गुरुजींनी हरकत घेताच आपल्याच मंडळींनी त्यांना लोभी ठरविले. चित्रफितीआधी लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे मात्र कोणी विचारले नाही!

1957 चा कॉपीराइट कायदा भक्तीचा वैरी नाही. मिस्साविधीत गीत गाण्यास तो मुभाच देतो. गायनवृंदाने उगाच भिऊ नये. पण तीच गीते छापून विकणे वा मुद्रित करून प्रसृत करणे, ही सूट नव्हे. रेव्ह. टिळक 1919 साली निवर्तले. त्यांची पदे आज सर्वांची आहेत. हयात कवीची नाहीत. त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे नाहीत.

हक्कासाठी नोंदणी लागतेच असेही नाही. लेखक आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागू शकतो. हक्क विकून टाकला असला, तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि विकृतीला अटकाव करण्याचा अधिकार 57 व्या कलमाने त्याच्याचपाशी राहतो. गुरुजींना पैशांपेक्षा हेच कलम मोलाचे वाटले. शिवाय जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास 6 महिने ते 3 वर्षे कैद व किमान 50,000 रुपये दंड आहे; हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले. तुरुंगाची वाट आम्हांला रुचत नाही, हे कबूल करतो. मनाई हुकूम पुरेसा आहे.

‘ख्रिस्ती माणसाने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे सांगताना काहीजण संत पौलाचा हवाला देतात. पौलाने करिंथकरांना त्याबद्दल खडसावले खरे. पण त्याच परिच्छेदात बांधवांना लुबाडणाऱ्यांचीही त्याने गय केलेली नाही. आणि स्वतःवर अन्याय होऊ लागला, तेव्हा त्याने थेट कैसराकडे दाद मागितली! ख्रिस्तसभेनेही 2005 साली पोपमहोदयांच्या लेखनाचे हक्क व्हॅटिकनच्या प्रकाशनगृहाकडे सोपविले. रोमला जे पाप वाटत नाही, ते गुरुजींना का वाटावे?

आमचेही हात स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी सणाच्या घाईत एका गीतसंग्रहाच्या झेरॉक्स प्रती आम्हीच काढविल्या, मंडपात त्या पाच-पाच रुपयांना विकल्या, आणि कवीला साधे पत्रही धाडले नाही. सातव्या आज्ञेवर प्रवचन मात्र त्याच वर्षी दिले होते.

गुरुजींची जुनी वही, तीवरील तारखा आणि गीत प्रथम छापलेली आमची स्मरणिका, एवढा पुरावा गोळा झाला आहे. धर्मग्रामातील एका वकिलांनी विनामूल्य नोटीस तयार केली. गेल्या सोमवारी ती पोस्टाने रवाना झाली. उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत दिली आहे.