ऊन पाण्याला कुंपण नको

हल्ली "हॉट स्प्रिंग रिसॉर्ट" हा शब्द आमच्या पालघर-बोईसरकडेही कानावर येऊ लागला आहे. माजी विद्यार्थी मोबाइलवर मलेशियाचे, कोस्टारिकाचे फोटो दाखवतात. केळीच्या सावलीत वाफाळतं तळं, काठावर पांढरेशुभ्र टॉवेल! वर म्हणतात, "सर, आपल्याकडेही असं व्हायला हवं." माझं म्हणणं, व्हायला हवं; पण असं नको. का, ते सांगतो.

आधी थोडा भूगोल. (शिक्षकाची खोड, जात नाही!) गरम पाण्याचे झरे आपल्या कोकणपट्टीत उत्तरेला कोकनेर, हालोली, सातिवलीपासून दक्षिणेला थेट राजापूरपर्यंत आहेत. मधे अकलोली-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरचं तुरळ. उन्हेरे, उन्हवरे ही नावंच बघा. तिथलं ऊन पाणी हीच त्या गावांची ओळख. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. आपला काळा खडक लाव्ह्याचाच, पण तो थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. तारापूरला १९६९ साली युरेनियमच्या उष्णतेने पाणी उकळून वीज करायला सुरुवात झाली. गंमत म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णताही काही अंशी युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातूनच येते. म्हणजे निसर्गाने ही भट्टी आपल्याला फुकट दिली आहे. मग तिचं बिल कोण कोणाकडून वसूल करतो?

मुलीने आणि जावयाने हौसेने आम्हा दोघांना अशाच एका ठिकाणी दोन रात्री ठेवलं होतं. सोय उत्तम, नोकरवर्ग नम्र. खोलीला लागून खाजगी कुंड, नळ फिरवला की गरम पाणी. गुडघ्यांना बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? सकाळी फिरत फिरत गावच्या सार्वजनिक कुंडावर गेलो. तिथे बायका अंगावरच्या लुगड्यानिशी पाण्यात उतरत होत्या आणि चौघींनी साडीचा आडोसा धरला की पाचवी कपडे बदलत होती. पाणी त्याच भेगेतलं. फरक फक्त दाराचा आणि कडीचा.

माझं भांडण या फरकाशी आहे. चैनीशी नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने गादी, टॉवेल, जेवण विकत घ्यावं. पण झरा ही विकायची वस्तू नव्हे. महाराष्ट्राला हे नव्याने सांगावं लागू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ साली आणला. तरी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तुम्ही म्हणाल, जातीची बंदी कुठे आणि तिकिटाची कुठे! मान्य, दोन्ही सारख्या नाहीत. जातीची बंदी माणसाचं माणूसपण नाकारते, तिकीट फक्त खिसा बघतं. पण ज्या आदिवासी बाईचा खिसा रिकामा आहे, ती दोन्ही वेळा काठावरच उभी राहते.

आणि कुंपण फक्त जमिनीवरचं नसतं. शेजारी खोल बोअर मारली की झऱ्याचं पाणी तिकडे वळू शकतं. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला हेच झालं. घराघरांत, हॉटेलांत बोअरचं गरम पाणी आलं आणि तिथले प्रसिद्ध उष्ण फवारे मंदावले. शेवटी १९८६ साली सरकारने पोहुटू या फवाऱ्याच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, तेव्हा फवारे सावरू लागले.

"मग धंदा करायचाच नाही का, सर?" करा की! जपानइतका गरम पाण्याचा धंदा कोणी केला असेल? पण तिथे १९४८ पासून कायदा आहे. राज्यपालाच्या परवानगीशिवाय गरम पाण्यासाठी खोदता येत नाही. गरम पाण्यात अंघोळ करणाऱ्याकडून माणशी कर घेतला जातो आणि तो नगरपालिकेला मिळतो. बेप्पू शहरात १८७९ साली सुरू झालेलं ताकेगावारा हे सार्वजनिक स्नानगृह आजही काहीशे येनमध्ये सर्वांना खुलं आहे. फोटोतल्या कोस्टारिकातही आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी तबाकॉनच्या गरम नदीवर महागडं रिसॉर्ट आहे, आणि थोड्याच अंतरावर त्याच पाण्यात लोक फुकट डुंबतात. हा फोटो मात्र कोणी दाखवत नाही!

तर सांगायचा मुद्दा असा. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे सोपवलं आहे. तेव्हा ग्रामसभांनी आधी तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक कुंडाला बायकांसाठी आणि पुरुषांसाठी दार-कडीची वेगळी न्हाणीघरं आणि सांडपाण्याला गटार. कुंडाच्या आसपास बोअर मारायला ग्रामसभेची मंजुरी. आणि झऱ्याच्या नावावर खोल्या भरणाऱ्याकडून माणशी कर, तोही कुंडाच्या देखभालीसाठीच. एवढं झालं की खुशाल बांधा तुमचं पंचतारांकित.

क्रम मात्र हाच हवा. आधी त्या पाचव्या बाईला कडी, मग आमच्यासारख्यांना टॉवेल.