देवघराचा हिरवा कोणता?

चवथ जवळ आली की घरोघरी भिंती व दारे खरवडण्यास आरंभ होतो, आणि रंगाऱ्यास एकच आज्ञा मिळते: हिरवा झळझळीत हवा. या आज्ञेस आमचा विरोध आहे.

हिरव्या रंगांपैकी दोहोंची नावे इतकी सारखी की ऐकणाराची फसगत व्हावी. पहिला क्रोम ग्रीन. हा स्वयंभू हिरवा नव्हेच. शिसे असलेला क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू यांच्या मिश्रणाने तो होतो. तेलरंगांत तो एके काळी सर्रास वापरीत. दुसरा क्रोमियम ऑक्साइड ग्रीन. एकजिनसी, शिसे नसलेला, सुकत्या तुळशीच्या पानासारखा मंद. पहिल्याच्या झळाळीने आमची अभिरुची घडली आणि दुसरा फिका ठरला.

वस्तुतः न्याय उलटा व्हावयास हवा. आमच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या व त्यांवर चुन्याचा गिलावा. चुन्यापुढे प्रशियन ब्लूचा टिकाव लागत नाही. निळा अंश नष्ट होऊन भिंत पिवळसर पडते. ऑक्साइडला चुनाही बाधत नाही व ऊनही नाही.

कोणी म्हणेल, कायद्याने हा वाद मिटविला. सन 2016 च्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत 90 भागांपुरते मर्यादित केले आणि ते नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले, हे खरे. परंतु नियम नव्या डब्यास लागू. आजोबांच्या काळी दारावर चढलेल्या थरास नव्हे. तो थर सणापूर्वी कोरडाच घासला की शिशाची धूळ जमिनीवर बसते, आणि रांगते मूल तीच बोटे तोंडात घालते. शिशाची निर्धोक अशी मात्राच ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सणाच्या शोभेपायी मुलांच्या बुद्धीवर घाला घालणे हा कोणता धर्म?

शोभेसाठी माटोळीची ओली पाने पुरेशी आहेत. जुना थर ओला करूनच काढावा, मुलांस त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि डब्यावरील शिशाविषयीची नोंद वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत. देवालयांच्या महाजनांनी तर या अटी रंगाऱ्याच्या करारातच लेखी घालाव्यात. तोंडी सूचना घाईच्या दिवसांत कोणी पाळीत नाही.