एकाच वेताची दोन पिल्लं, शिकवणी मात्र वेगळी! टेरियर पाळणाऱ्या मुंबईकरांचं नेमकं काय चुकतं?

लालबागच्या एका टॉवरमध्ये आणि गिरगावच्या एका चाळीत एकाच वेताची दोन यॉर्कशायर टेरियर पिल्लं आली, असं समजा. टॉवरमधलं पिल्लू पहिल्याच दिवशी सोफ्यावर चढतं, पायजम्याची नाडी ओढतं, लिफ्टचा आवाज आला की भुंकतं. चाळीतलं पिल्लू दोन दिवस पलंगाखालून बाहेरच येत नाही. दोन्ही घरांना सल्ला मात्र एकच मिळतो : "टेरियर हट्टी असतो, पहिल्यापासून धाकात ठेवा." महिन्याभरानं एक पिल्लू चावायला लागतं, दुसरं हात उगारलेला दिसला की जागच्या जागी शू करतं. मग दोन्ही घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "आपल्याला नाही जमणार, देऊन टाकू कुणाला तरी."

यात पिल्लांचा काही दोष नाही. दोष आहे तो दोघांना सारख्याच मापानं मोजणाऱ्या सल्ल्याचा.

टेरियर म्हणजे नेमकं काय?

'टेरियर' हा शब्द जमीन या अर्थाच्या लॅटिन 'टेरा'वरून आला. बिळात शिरून उंदीर, कोल्हे हुसकावणं हे या कुत्र्यांचं काम. यॉर्कशायर टेरियर तर गिरणगावचाच नातेवाईक म्हणायला हवा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर, लँकेशायरच्या कापडगिरण्यांत उंदीर मारण्यासाठी हे छोटे कुत्रे पाळले जात. आज त्यांचे वंशज परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतात, पण शेपूट हलवत सोफा उकरण्याची सवय तीच आहे.

बिळात मालक सोबत नसतो, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. त्यामुळे हाक मारली की लगेच येण्यापेक्षा समोर काय हललं याकडे त्याचं लक्ष आधी जातं. आपण याला हट्ट म्हणतो. खरं तर तो त्याचा जुना पेशा आहे.

मग सगळे टेरियर सारखेच का नसतात?

एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. म्हणजे जात थोडा कल दाखवते. बाकीचं ठरतं ते त्या पिल्लाची स्वतःची घडण, आईजवळ घालवलेले दिवस आणि तुमच्या घरात त्याला येणारे अनुभव यांवरून.

म्हणूनच पिल्लू कधी घरी आणलं, हेही महत्त्वाचं. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्या दाताची ताकद किती आणि ती कुठे थांबवायची, हे पिल्लू आई-भावंडांशी खेळतानाच शिकतं. 'लहान आहे तोवर न्या' म्हणणारा विक्रेता हा धडाच हिरावून घेत असतो.

धीट पिल्लाला कसं शिकवायचं?

टॉवरमधल्या पिल्लाला ओरडा हा खेळच वाटतो. तुम्ही जितके मोठ्यानं ओरडाल, तितकं ते चेकाळतं. त्यानं दात लावला की खेळ तिथेच थांबवा, हात काढून घ्या आणि अर्धा मिनिट पाठ फिरवा. चावलं की मजा संपते, हे त्याला लवकर कळतं.

त्याच्या ओढण्याच्या हौसेलाही काम द्या. दोरी ओढू द्या, मग 'सोड' म्हणा, सोडली की खाऊ द्या आणि पुन्हा दोरी द्या. एक धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा. दार उघडण्याआधी 'थांब' शिकवणं तर मुंबईत जिवावरचं काम आहे. दादरच्या फुटपाथवर उंदीर दिसला की टेरियर गाडीखाली शिरायला मागेपुढे पाहत नाही. विष खाल्लेला उंदीर त्यानं तोंडात धरला तर जीव धोक्यात येतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. म्हणून रस्त्यावर पट्टा सोडायचाच नाही.

भित्र्या पिल्लाचं काय?

गिरगावातल्या पिल्लाला पलंगाखालून ओढून काढणं ही सगळ्यात मोठी चूक. खाऊ जवळ ठेवा आणि त्याला स्वतःहून येऊ द्या. चाळीत दारं उघडी, गॅलरीतून माणसांची ये-जा, मुलांचा दंगा. धीट पिल्लाला ही पर्वणी वाटते, भित्र्याला मात्र हा मारा वाटतो. पहिले काही दिवस एका वेळी एकच पाहुणा, तोही जमिनीवर बसलेला, एवढंच पुरे.

घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतलं तर ते आणखी भित्रं होतं, हा समज चुकीचा आहे. ते स्वतः कुशीत आलं तर खुशाल घ्या. गणपतीच्या आधी काही आठवडे ढोल-ताशाचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावा, सोबत आवडीचा खाऊ द्या. पिल्लू निवांत खात असेल तरच आवाज थोडा वाढवा. ही तयारी न करता त्याला थेट विसर्जनाच्या गर्दीत नेलं, तर झालेलं नुकसान वर्षभर निस्तरावं लागतं.

लस पूर्ण होईपर्यंत घरातच ठेवायचं?

इथे खरा पेच आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. लशींचं वेळापत्रक मात्र साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. तोवर त्याला चार भिंतींत कोंडलं तर ही संधी हातची जाते. रस्त्यावर सोडलं तर आजाराची भीती.

उपाय सोपा आहे. टेरियर छोटा असतो, त्याला कडेवर किंवा पिशवीत घ्या. जमिनीवर न ठेवता दादर स्टेशनबाहेरची गर्दी, हारवाले, बस, छत्र्या लांबून दाखवा. धीट पिल्लाला दहा मिनिटं, भित्र्याला दोन. लशींबद्दल जवळच्या पशुवैद्यांना विचारा. परळला तर बैलघोडा हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय एकोणिसाव्या शतकापासून आहे.

सोसायटी, शेजारी आणि नियम

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भुंकणं हेही त्यासाठी पुरेसं कारण ठरत नाही. मात्र याच सूचना मालकांनाही शेजाऱ्यांचा विचार करायला सांगतात. नियम आपल्या बाजूनं आहे म्हणून रात्री दोन वाजता भुंकणारं पिल्लू शेजाऱ्याला गोड वाटणार नाही. धीट टेरियर दिवसभर एकटा राहिला तर भुंकणारच. आठ-दहा तास घर बंद असणाऱ्यांनी पिल्लू आणण्याआधी याचा विचार करायला हवा.

मार का नको?

गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते : 'मला हे नको आहे.' त्यासाठी मार बसला तर तो सूचना देणं बंद करतो, भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावतो. "अचानक चावला" अशा कितीतरी तक्रारींच्या मागे असा दाबलेला इशारा असू शकतो. घरात लहान मूल असेल तर हे विशेष लक्षात ठेवावं.

दोन पिल्लं एकाच घरात आणली असतील तर त्यांचे धडे वेगवेगळ्या खोल्यांत घ्या. नाहीतर भित्रं पिल्लू धीटाच्या मागे लपायला शिकतं आणि दोघंही माणसापेक्षा एकमेकांचंच ऐकतात.

आणखी एक. आजी 'बस' म्हणणार, मुलगा 'सिट' म्हणणार आणि बाबा नुसतं बोट दाखवणार, असं असेल तर गोंधळ पिल्लाचा नाही, घराचा आहे. पिल्लू आणण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी बसून पाच शब्द ठरवावेत आणि ते फ्रिजवर चिकटवावेत. पहिला आठवडा मात्र शिकवण्यापेक्षा पाहण्यात घालवावा : ते कशाला घाबरतं, कशासाठी धावतं, कधी थकतं. 'देऊन टाकू' म्हणायची वेळ येऊ नये, असं वाटत असेल तर एवढा एक आठवडा त्या पिल्लाला द्यायलाच हवा.