उपचार परळलाच हवेत असे नाही

‘कॅन्सरचे निदान होताच थेट परळ गाठावे’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला कळकळीचा आहे, पण सरसकट पटत नाही. मुंबईत परळला १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव मोठाच. आजार दुर्मीळ असेल, शस्त्रक्रिया अवघड असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर तिथले मत जरूर घ्यावे. मात्र रेडिएशन अनेक रुग्णांना आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे घ्यावे लागते. तेवढे दिवस मुंबईतली खोली, जेवण आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार हातावर पोट असलेल्या कुटुंबाने कसा सोसायचा? त्यापायी उपचार अर्धवट सुटले, तर नामांकित रुग्णालयाचा उपयोग काय?

बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय अशी केंद्रे राज्यात आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या रुग्णालयांच्या जाळ्याचा हेतूच देशभर एकसारखे, दर्जेदार उपचार मिळावेत हा आहे. म्हणून जवळच्या केंद्रात आधी विचारावे, शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात का? या प्रकारच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया इथे नेहमी होते का? महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू आहे का? उत्तरे समाधानकारक असतील, तर घराजवळ उपचार घ्यावेत आणि ते पूर्ण करावेत.

— एक वाचक, सोलापूर