मनगटाचा दुसरा एक्स-रे

कबड्डीत घोट्याला पकड बसली की चढाई करणारा खेळाडू तोंडघशी पडतो. पडताना त्याचा हात आपोआप पुढे जातो. झेल टिपण्यासाठी झेपावलेला क्षेत्ररक्षक, चेंडू अडवताना आदळलेला गोलरक्षक, मल्लखांबावरून निसटलेला मुलगा हे सगळे असेच पडतात. कोपर सरळ, पंजा मागे वळलेला आणि अंगाचा सारा भार तळहाताच्या बुडाशी. मनगट थोडे सुजते, हलवले की कळ येते. मैदानावरचा कुणी जाणता हात हातात घेतो आणि बोटे हलवायला सांगतो. बोटे हलतात. लगेच निकाल जाहीर होतो : ‘मोडलं नाही, मुरगळलंय. चार दिवसांत बरं होईल.’

बहुतेक वेळा हा निकाल खरा ठरतो आणि त्यामुळेच त्याच्यावर सर्वांचा विश्वास बसलेला आहे. पण ज्या थोड्या वेळा तो चुकतो, तेव्हा त्याची किंमत पुढची अनेक वर्षे मोजावी लागते. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे. मनगटातले एखादे लहान हाड पूर्ण मोडलेले असतानाही बोटे व्यवस्थित हलू शकतात. इतकेच काय, त्या हाताने जेवता येते, मोबाइल वापरता येतो, गाडीही चालवता येते. दुखते एवढेच.

मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे, होडीच्या आकाराचे हाड म्हणजे स्कॅफॉइड. ते दोन्ही रांगांना जोडणाऱ्या खिळीसारखे काम करते. साहजिकच तळहातावर पडले की सर्वांत जास्त ताण त्याच्यावर येतो आणि या आठ हाडांपैकी सर्वाधिक वेळा मोडते ते हेच. मोडते ते प्रामुख्याने पंधरा ते तीस या वयात, म्हणजे खेळण्याच्या आणि कमावायला लागण्याच्या वयात.

या हाडाची खरी अडचण त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. स्कॅफॉइडला मुख्य रक्तवाहिनी बोटांकडच्या टोकाजवळून मिळते आणि तिथून रक्त उलटे, कोपराकडच्या टोकाकडे जाते. हाड मधेच मोडले की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. पाटाला मधेच खिंडार पडले की शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून हे हाड सावकाश जुळते, हलत राहिले तर जुळतच नाही आणि कधी कधी तो मागचा तुकडा मरतो. मध्यभागी मोडलेल्या, पण न सरकलेल्या हाडाला वेळेवर प्लास्टर मिळाले तर साधारण आठ ते बारा आठवड्यांत बहुतेकांचे जुळते. उपचाराला चार आठवड्यांहून अधिक उशीर झाला की न जुळण्याचा धोका बराच वाढतो. न जुळलेले हाड पाच-दहा वर्षांत मनगटाचा सांधा झिजवू लागते. विशीत पडलेल्या तरुणाला तिशीत संधिवात होतो, तो असा.

पहिला एक्स-रे काय सांगत नाही

इथे एक गोष्ट रुग्णांना ठाऊक नसते आणि गर्दीच्या ओपीडीत ती त्यांना सांगितलीही जात नाही. मोडलेले स्कॅफॉइड पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. अशा फ्रॅक्चरपैकी वीस टक्क्यांपर्यंत सुरुवातीला निसटू शकतात, असे मानले जाते. तडा केसाएवढा बारीक असतो, हाड वाकडे असते आणि शेजारच्या हाडांच्या सावल्या त्याच्यावर पडतात. दहा ते चौदा दिवसांनी तड्याच्या कडेचे हाड थोडे विरघळते आणि मग तीच रेघ स्पष्ट दिसू लागते. म्हणजे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आज तरी दिसत नाही’ एवढाच असतो. घरी जाताना मात्र रुग्ण त्याचा अर्थ ‘काही झालेले नाही’ असा घेतो.

हा घोटाळा टाळायला महागडे यंत्र लागत नाही, एक बोट पुरते. अंगठा ताठ करून वर उचलला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला एक त्रिकोणी खळगा दिसतो. पूर्वी युरोपात लोक तपकिरीची चिमूट तिथे ठेवून ओढत, म्हणून वैद्यकीय भाषेत त्याचे नावच ‘तपकिरीची डबी’ असे पडले. त्या खळग्यात दाबल्यावर दुखले, तळहाताकडून अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखले किंवा अंगठा लांबीच्या दिशेने मनगटाकडे दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काहीही म्हणो, ते मनगट मोडले आहे असे धरूनच चालायचे. पट्टी किंवा प्लास्टर द्यायचे आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा तपासायचे. डॉक्टरांनीही एक्स-रेच्या फॉर्मवर नुसते ‘मनगट’ लिहून भागत नाही. स्कॅफॉइडसाठी वेगळ्या कोनातून फोटो काढावे लागतात आणि ते मागितल्याशिवाय निघत नाहीत.

याला एक रास्त आक्षेप आहे. खळग्यात दुखणाऱ्या प्रत्येकाचे हाड मोडलेले नसते. उलट अशा संशयितांपैकी बहुतेकांचे हाड शेवटी शाबूतच निघते. मग इतक्या जणांना दोन आठवडे का अडकवायचे? रोजंदारीवर जाणाऱ्याला, परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला किंवा पोलीस भरतीसाठी गोळाफेकीचा सराव करणाऱ्या मुलाला दोन आठवडे थोडे नसतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा संशयित रुग्णांसाठी सुरुवातीलाच एमआरआयचा विचार करावा, असे सुचवले ते याचसाठी. एमआरआयमध्ये तडा लगेच कळतो आणि नसेल तर माणूस मोकळा होतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ही सोय नाही आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात तिची रांग लांब असते. पण एक्स-रे आणि पट्टी या दोन गोष्टी उपजिल्हा रुग्णालयातही मिळतात. एका बाजूला दोन आठवड्यांची गैरसोय आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभर दुखणारे मनगट असे पारडे असेल, तर निवड अवघड नसावी.

अवघड आहे ती दुसरी फेरी. पहिल्या दिवशी दुखत असते, म्हणून माणूस येतो. चौदाव्या दिवशी सूज उतरलेली असते, पुन्हा एक खाडा परवडणारा नसतो, पुन्हा केसपेपरची रांग नको वाटते आणि घरच्यांनी एव्हाना मालीश सुरू केलेली असते. अशा वेळी ‘दुखलं तर या’ हा सल्ला कुचकामी आहे. सल्ल्यात तारीख हवी. केसपेपरवर ठळक अक्षरात, ‘अमुक तारखेला दुसरा एक्स-रे, न दुखले तरी’ असे लिहायला अर्धा मिनिट लागतो. मनगटावर पडलेल्या तरुणांना त्या दिवशी नव्या रांगेत उभे न करता थेट एक्स-रेला पाठवण्याची व्यवस्था कोणत्याही रुग्णालयाला नवीन खर्चाशिवाय करता येईल. हा उपचाराचाच भाग आहे, तो रुग्णाच्या मर्जीवर सोडणे बरोबर नाही.

आणखी एका सवयीबद्दल बोलायला हवे. मनगट ‘बसवून’ घेण्याची पद्धत गावोगाव आहे. ताज्या दुखापतीत ओढणे, चोळणे, झटका देणे यामुळे न सरकलेला तडा सरकू शकतो. वेदनाशामक गोळी खाऊन किंवा टेप गुंडाळून उपांत्य सामना खेळवणारे प्रशिक्षकही त्याच जातीची चूक करतात. टेपने मनगटाला आधार मिळाल्यासारखे वाटते, मोडलेले हाड मात्र त्याने स्थिर राहत नाही. आणि ज्यांना धूम्रपानाचे व्यसन आहे, त्यांनी हाड जुळेपर्यंत तरी ते सोडावे. सिगारेट-बिडीने हाडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि इथे तर तो आधीच तुटपुंजा आहे.

जुने दुखणे : नेमके कुठे?

ज्यांचे मनगट तीन-तीन महिने दुखते आहे, त्यांनी आधी एका बोटाने जागा दाखवायला शिकावे. ‘सगळं मनगट दुखतं’ यातून फारसे कळत नाही. दुखणे अंगठ्याच्या बाजूच्या खळग्यात असेल तर जुळून न आलेल्या स्कॅफॉइडचा विचार आधी करावा, पडणे वर्षापूर्वीचे असले तरी. त्याच बाजूला, पण थोडे वर, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर झणझणीत कळ येत असेल तर स्नायूबंधांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. स्विस शल्यचिकित्सक द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. करंगळीच्या बाजूला दुखत असेल, कुलपात किल्ली फिरवताना किंवा कपडे पिळताना चमक येत असेल, तर तिथल्या कूर्चेच्या गादीला इजा झालेली असू शकते. बॅट किंवा रॅकेट धरणाऱ्याचे तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या रेषेत दुखत असेल, तर तिथे हॅमेट या हाडाच्या आकड्यासारख्या टोकाला तडा असू शकतो आणि तोही साध्या एक्स-रेत सहज निसटतो. जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब करणाऱ्या वाढत्या मुलांत हातावर भार घेताना मनगट दुखू लागले, तर हाडाच्या वाढीच्या पट्टीवर ताण येत असण्याची शक्यता असते. अशा मुलाला ‘सवय होईल’ म्हणून पुढे रेटणे त्या हाडाच्या वाढीलाच बाधक ठरू शकते.

या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. म्हणून निदान होण्याआधी मनगटात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेणे धोक्याचे. स्नायूबंधांच्या सुजेवर ते उपयोगी पडते, पण खाली मोडलेले हाड असेल तर वेदना झाकली जाते आणि खेळाडू त्याच हाताने पुन्हा मैदानात उतरतो.

उशीर झालेल्यांनीही हात टेकू नयेत. न जुळलेल्या हाडात कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडाचा तुकडा घालून, आत बुडणारा स्क्रू बसवून ते जुळवता येते आणि सांधा झिजण्याआधी हे केले तर निकाल चांगला मिळतो. दुसरीकडे, प्रत्येक ताज्या तड्याला लगेच शस्त्रक्रिया लागते, असेही नाही. इंग्लंड-वेल्समधील ४३९ रुग्णांवरचा ‘स्विफ्ट’ हा अभ्यास २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यभागी मोडलेल्या आणि दोन मिलिमीटरपर्यंतच सरकलेल्या हाडांत आधी शस्त्रक्रिया केली काय किंवा आधी प्लास्टर घातले काय, वर्षाअखेरीस रुग्णांच्या दुखण्यात आणि हाताच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरच्या गटात जुळले की नाही यावर लक्ष ठेवून, न जुळलेल्यांवर लगेच शस्त्रक्रिया करणे हा त्या पद्धतीचाच भाग होता. म्हणजे पुन्हा मुद्दा आला तो फेरतपासणीचाच.

मैदानात परत कधी उतरायचे, हेही तारखेवरून ठरवू नये. प्लास्टर निघाले म्हणजे मनगट तयार झाले असे नव्हे. हाड जुळल्याची खात्री, दाबल्यावर न दुखणे, दोन्ही मनगटे जवळपास सारखी वाकणे आणि मुठीची ताकद दुसऱ्या हाताच्या निदान ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत येणे, या चार गोष्टी पाहाव्यात. भार घेण्याचा सराव आधी भिंतीवर, मग टेबलावर, शेवटी जमिनीवर करावा. एका पायरीवर दुखले तर मागच्या पायरीवर यावे.

उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्यांनाही मनगट सोडत नाही. २००९ ची अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या हुआन मार्टिन देल पोत्रोच्या उजव्या मनगटावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०१४-१५ मध्ये डाव्या मनगटावर तीन. २०२० चा विजेता डॉमिनिक थीम २०२१ मध्ये मनगट दुखावल्यानंतर पूर्वीच्या उंचीवर परतलाच नाही आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्यांच्या दुखापती वेगळ्या होत्या आणि त्यांच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता. आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या कबड्डीपटूमागे असतो तो एक प्रशिक्षक आणि एक क्रेप बँडेज. त्यालाच या हाताने उद्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरायचे असते, पोती उचलायची असतात, भरतीत गोळा फेकायचा असतो.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी, शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी एक साधा नियम पाळावा. हातावर पडलेला खेळाडू अंगठ्याच्या खळग्यात दुखते म्हणाला, तर तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही आणि दुसरा एक्स-रे झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय संघात येणार नाही. रुग्णालयांनी त्या कागदावर तारीख लिहून द्यावी. घरच्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर नोंदवावी आणि सूज उतरली असली, तरी त्या दिवशी मुलाला घेऊन जावे.