दवाखाना पुण्यात, पेन्शनर कराडात

दर नोव्हेंबरात सरकारला माझी आठवण होते. मी जिवंत आहे की नाही, एवढंच त्याला विचारायचं असतं. हयातीचा दाखला पूर्वी बँकेत किंवा पोस्टात जाऊन द्यावा लागायचा. २०२० पासून पोस्टमन ७० रुपयांत घरी येतो, मोबाइलला जोडलेल्या डबीवर अंगठा घेतो आणि चहा निवायच्या आत दाखला दिल्लीला पोचलेला असतो. सोय झकास आहे. शिवाय ती माझ्याच खात्याची आहे. पोस्टात नोकरी करून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला तिचं कौतुक असणारच. पण मी जिवंत आहे का हे बघायला सरकार कराडला माझ्या दारात येतं आणि जिवंत राहायला लागणाऱ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घ्यायच्या म्हटलं की मला पुणं गाठायला सांगतं, याचा मेळ काही बसत नाही.

केंद्र सरकारी आरोग्य योजना, आम्हा लोकांच्या तोंडी ‘सीजीएचएस’, ही १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. कर्मचारी, पेन्शनर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं यांना दवाखाना, औषधं आणि यादीतल्या खासगी रुग्णालयांत उपचार अशी ही रचना. योजना चांगलीच आहे. तिला नावं ठेवणाऱ्यांनी बाहेरच्या आरोग्य विम्याचे साठीनंतरचे हप्ते एकदा बघून घ्यावेत. आज ती देशातल्या सुमारे ८० शहरांत आहे. आपल्याकडं मुंबई, पुणे, नागपूर असल्या मोठ्या शहरांत. पण केंद्र सरकारचा नोकर फक्त मोठ्या शहरात असतो, हे कुणी ठरवलं? पोस्ट तालुक्याला असतं, खेड्यात असतं. नोकरीत बदल्या झेलत फिरलेला माणूस निवृत्तीनंतर गावाकडं येतो, कारण घर तिथं, चार गुंठे तिथं आणि पेन्शनीत पुण्यातलं भाडं परवडत नाही. तो गावी आला की दवाखाना शंभर-दीडशे किलोमीटर लांब जातो.

नोकरीत असताना असं नव्हतं. जिथं सीजीएचएस नाही तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम आहेत. नेमून दिलेल्या डॉक्टरकडं जायचं, औषधाच्या पावत्या जोडायच्या, डॉक्टरची सही घ्यायची आणि बिल कचेरीत लावायचं. पैसे उशिरा का होईना, येत. मी स्वतः दुसऱ्यांची असली बिलं तपासून वर पाठवलेली आहेत. एका खोकल्याच्या बाटलीच्या पावतीवर तारीख पुसट आहे म्हणून हेड ऑफिसनं परत पाठवलेलं बिलही मला आठवतं. कटकटीचे असले, तरी नियम होते. हे नियम निवृत्तांना लागू नाहीत. म्हणजे एकतीस तारखेला संध्याकाळी नारळ-शाल घेऊन घरी गेलेल्या माणसाचा रक्तदाब एक तारखेपासून त्याचा खासगी प्रश्न होतो. तरुणपणी, जेव्हा फार तर सर्दी-पडसं व्हायचं, तेव्हा सरकार बिल भरत होतं. गुडघे, मोतीबिंदू आणि साखर सुरू झाली तेव्हा हात वर.

अगदीच हात वर नाहीत म्हणा. महिन्याला १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो. सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आणि दवाखान्यातल्या रोजच्या उपचारांवर पाणी सोडणाऱ्या पेन्शनरसाठी तो आहे. १९९७ मध्ये हा भत्ता १०० रुपये होता, २००८ मध्ये ३०० झाला, २०१४ मध्ये ५०० आणि जुलै २०१७ पासून १,०००. तिथंच तो बसला आहे. आमच्या घरी दोघांच्या गोळ्या, बायकोचं इन्सुलिन आणि दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या धरून महिन्याला साडेतीन हजार लागतात, तेही जमेल तेवढं जनऔषधी केंद्रातून आणून. औषधाच्या दुकानदाराला २०१७ चा भाव लाव म्हणून सांगता येत नाही.

आता या भत्त्याशेजारी दुसरा एक भत्ता ठेवून बघा. नोकरीतल्या कर्मचाऱ्याला घरून कचेरीत जाण्यायेण्यासाठी वाहतूक भत्ता असतो. माझ्या श्रेणीच्या माणसाला कराडसारख्या गावी तो १,८०० रुपये आणि वर त्यावरचा महागाई भत्ता. जुलै २०२५ पासून महागाई भत्ता ५८ टक्के धरला, तर २,८४४ रुपये. बसचं भाडं वाढतं, पेट्रोल वाढतं, म्हणून वाहतूक भत्त्याला महागाई लागते. हे योग्यच आहे. मग वैद्यकीय भत्त्याला का लागत नाही? चाळिशीतल्या माणसाच्या कचेरीच्या फेऱ्या महाग होतात आणि पंच्याहत्तरीतल्या माणसाचं औषध होत नाही, असा हिशेब सरकारी कागदावरच जमतो. त्याच न्यायानं आमच्या हजारावर ५८ टक्के दिले असते तरी १,५८० झाले असते. त्यात माझी औषधं भागणार नाहीतच, पण निदान तर्क तरी भागला असता.

इस्पितळात भरती व्हायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून मी सीजीएचएसचं कार्ड काढलं आहे. माझ्या श्रेणीला महिन्याला ४५० रुपये वर्गणी. दहा वर्षांची एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचं. निवृत्तीच्या पैशांतून ५४,००० रुपये एकरकमी भरले. भरती व्हायचं तर कार्ड, रोजच्या गोळ्यांना भत्ता, अशी ही वाटणी. उंब्रजच्या एका सहकाऱ्यानं भत्ता सोडून औषधंही पुण्याच्या दवाखान्यातूनच घ्यायची ठरवलं. जुनाट दुखण्याची औषधं एकदम तीन महिन्यांची मिळतात, तेव्हा वर्षाच्या चार फेऱ्या, असा त्याचा साधा हिशेब. तो खिडकीपाशी पोचला तर यादीतल्या काही गोळ्या तिथं होत्या. एक महागडी नव्हती, तिचा ‘इंडेंट’ टाकला, म्हणजे ती दवाखान्याच्या ठरलेल्या केमिस्टकडून मागवायची. उद्या या, असं खिडकीतल्या बाईंनी अगदी सौजन्यानं सांगितलं. पुण्यातल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणजे रिक्षाचे पन्नास-साठ रुपये. उंब्रजच्या माणसाला ते पुन्हा एकदा पुणं असतं, नाहीतर मेव्हण्याकडं मुक्काम. मेव्हणा चांगला आहे म्हणून निभावतं आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार आहेत. सातारा जिल्हा म्हटल्यावर घरटी फौजी असायचाच. त्यांच्यासाठी २००३ पासून माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे आणि तिचं पॉलिक्लिनिक साताऱ्यात आहे. औषधाचा तुटवडा असतो, रांग असते, असं तेही कुरकुरतात. पण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी असतात. माझा मिरजेचा चुलतभाऊ रेल्वेतून निवृत्त झाला. त्याला रेल्वेचा दवाखाना आहे, आणि वर्षाला प्रवासाचे पासही निवृत्तीनंतर चालू आहेत. तिघांचंही पेन्शन भारत सरकारच्याच तिजोरीतून येतं. सैनिकाचं मी काही काढत नाही, त्याला अजून मिळावं. पण तिघांनाही म्हातारपण सारखंच आलं आहे.

राज्य सरकारच्या निवृत्तांची तऱ्हा आणखी वेगळी. नोकरीत असेपर्यंत १९६१ च्या नियमांखाली वैद्यकीय प्रतिपूर्ती. निवृत्त झालं की ती बंद, आणि गट विमा हवा तर हप्ता आपल्या खिशातून. शेजारचे जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी मला म्हणतात, “तात्या, तुम्हाला हजार तरी मिळतात.” यावर काय बोलणार?

आता कुणी म्हणेल, सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण आलं आहे की. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं आणि चांगलं झालं. चौकातल्या पानपट्टीवाल्याला ना पेन्शन ना कार्ड. त्याच्यासारख्यांना त्याचा आधार आहे आणि त्याच्यापुढं मी माझं रडगाणं गाताना थोडा खाली बघतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. सीजीएचएसवाल्याला दोहोंतलं एकच निवडावं लागतं. आणि ती योजना इस्पितळात भरती झालेल्यासाठी आहे. रोजची गोळी, इन्सुलिन, तपासणी, डॉक्टरची फी हे त्यात नाही. म्हातारपणातला खर्च मात्र रोजच्या गोळीचाच असतो. गोळी चुकली की मग भरतीचा येतो.

प्रवासाचंही असंच आहे. नोकरीत असताना रजा प्रवास सवलत होती, आमच्या भाषेत ‘एलटीसी’. चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठंही आणि एकदा मूळ गावी, नाहीतर दोन्ही वेळा मूळ गावी. राज्याच्या नोकरांना याच धर्तीवर स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन असतं. तिचा फायदा मी घेतला आहे, बायकोला घेऊन कन्याकुमारीला जाऊन आलो आहे, आणि तिकिटं जपून ठेवण्यावरून त्या प्रवासात झालेली भांडणं अजून घरात निघतात. निवृत्तांनाही एलटीसी द्या, अशी मागणी काही पेन्शनर संघटना करतात. मला ती पटत नाही. फिरायला जाण्याचं वय आणि हौस ज्याची त्यानं आपल्या पैशांनी भागवावी. पण डॉक्टरकडं जायचा प्रवास ही हौस नव्हे. रेल्वेत साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. ती २० मार्च २०२० रोजी करोनाचं कारण सांगून बंद झाली. करोना गेला, गाड्या भरभरून धावू लागल्या, सवलत काही परत आली नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: रेल्वे सगळ्याच प्रवाशांकडून शंभर रुपयांच्या सेवेचे ५४ रुपयेच घेते. खरं असेल. पण ते २०१९ मध्येही फारसं वेगळं नव्हतं आणि तेव्हा सवलत होती.

यात लाज राखली ती आपल्या एसटीनं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली तरी या सवलती राहिल्या. गाडी खडखडते, सीटचा स्पंज बाहेर आलेला असतो. तरी डॉक्टरकडं निघालेली निम्मी म्हातारी माणसं कराडच्या स्टँडवर तिच्याच भरवशावर उभी असतात. केंद्राच्या पेन्शनरला केंद्राच्या दवाखान्यात राज्याची एसटी नेऊन सोडते, अशी ही गंमत आहे.

तातडीच्या दुखण्यात यादी वगैरे कुणाला सुचत नाही. रात्री दोनला छातीत कळ आली तर जवळचं इस्पितळ गाठायचं, आणि आमच्याकडं जवळचं म्हणजे यादीतलं असेलच असं नाही. तातडीत यादीबाहेर उपचार घेता येतात, पण पैसे मिळतात ते योजनेच्या दरानं. वरचा फरक आपला. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १३ एप्रिल २०१८ चा निकाल प्रत्येक पेन्शनरनं वाचावा. शिवकांत झा या निवृत्त महसूल अधिकाऱ्यानं दिल्लीत आणि मुंबईत यादीबाहेरच्या रुग्णालयांत उपचार घेतले, बिलाचा मोठा भाग नाकारला गेला आणि ते थेट न्यायालयात गेले. इस्पितळाचं नाव यादीत नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, उपचार खरोखर घेतले का आणि डॉक्टरांचे कागद आहेत का हे बघा, असं न्यायालयानं सांगितलं आणि राहिलेले सुमारे पाच लाख रुपये द्यायला लावले. निवृत्तांचे दावे महिन्याभरात निकाली काढा, असंही सुनावलं. झा हे वरच्या पदावरचे, कायदा जाणणारे गृहस्थ होते. निवृत्त पोस्टमननं डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं स्टिकर आणि मूळ पावत्यांची पिशवी घेऊन दिल्लीचं न्यायालय गाठावं, अशी अपेक्षा कुणी करू नये.

यावर उपाय शोधायला नवी समिती नको. न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या सातव्या वेतन आयोगानं नोव्हेंबर २०१५ मध्ये दिलेल्या अहवालातच तो आहे: सीजीएचएस क्षेत्राबाहेरच्या पेन्शनरांसाठी, १९४४ च्या नियमांखाली किंवा ईसीएचएसखाली आधीच मान्यता असलेली रुग्णालयं सीजीएचएसनं आपल्या यादीत घ्यावीत आणि तिथं रोख न भरता उपचार व्हावेत. नवी इमारत बांधायला नको, डॉक्टर नेमायला नकोत. ज्या इस्पितळात आमचे सुभेदार कार्ड दाखवून भरती होतात, तिथंच माझंही कार्ड चालावं, इतकीच ती शिफारस आहे. दहा वर्षं उलटली, माझं कार्ड तिथं चालत नाही.

आता आठवा वेतन आयोग बसला आहे. अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, मुदत १८ महिन्यांची. संघटनांच्या निवेदनांत फिटमेंट फॅक्टरवर पानंच्या पानं खर्ची पडत आहेत. मूळ पेन्शन किती पटीनं वाढणार याचे आकडे व्हॉट्सअॅपवर रोज नवे येतात. ते हवंच. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या प्रत्येक केंद्रीय पेन्शनरनं आपल्या संघटनेला एक पोस्टकार्ड टाकून दोन मागण्या पहिल्या पानावर घ्यायला लावाव्यात. वैद्यकीय भत्ता वाढवून त्याला महागाई भत्ता जोडा. आणि माथुर आयोगाच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन रुग्णालयं आमच्या कार्डाला उघडी करा. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांनाच मिळतं.